तुरुंगाच्या इमारतीतली शाळा

गेल्या महिन्यात आमच्या जमातीची बैठक झाली. विषय एकच होता, शादीखान्यावर दुसरा मजला चढवायचा की नाही. पैसे बऱ्यापैकी जमले आहेत. ईदनंतर काम सुरू करावे असा बहुतेकांचा सूर होता. तेवढ्यात एका तरुण मेंबरने उठून सांगितले की वर आणखी एक हॉल बांधण्याऐवजी मुलांसाठी ट्रेनिंग सेंटर काढू या. कुणी काही बोलायच्या आत एका बुजुर्गांनी हात झटकला. "एक बार करके देखा ना? कंप्यूटर का क्या हुआ, मास्टर से पूछो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण ते कॉम्प्युटरचे प्रकरण माझेच होते.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मदरशाच्या मागच्या खोलीत आम्ही आठ सेकंडहँड कॉम्प्युटर बसवले होते. रमजानमध्ये चंदा गोळा केला, लाइटचे बिल एका व्यापाऱ्याने उचलले, मी आणि माझा एक सहकारी शाळा सुटल्यावर शिकवायला जायचो. सहा महिन्यांचा कोर्स. तीन बॅचेस झाल्या. दर वेळी सर्टिफिकेट वाटपाचा कार्यक्रम, पाहुणे, शाल, फोटो, वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी. साठेक मुले-मुली शिकून बाहेर पडली. त्यांतल्या चौघांना काम लागले आणि त्या चौघांतले दोघे आपापल्या मामा-चाचाच्या दुकानात बसले. चौथी बॅच भरलीच नाही. आज ते कॉम्प्युटर मदरशाच्या माळ्यावर आहेत.

त्या बॅचमधला एक मुलगा आता बसस्टँडसमोर फळांची गाडी लावतो. मी गेलो की दोन केळी जास्त टाकतो आणि पैसे घेताना मान खाली घालतो. त्याच्या घरी एकदा गेलो होतो. आमचे सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलेले होते. मला त्या भिंतीकडे बघवेना.

बैठकीत मी उत्तर दिले नाही. घरी आल्यावर मात्र वाटले की उत्तर आहे, फक्त ते जरा लांबचे आहे. म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी वर्गात नेल्सन मंडेलांविषयी सांगायचे म्हणून वर्णभेदाबद्दल वाचत होतो. त्यात 'सलिव्हन तत्त्वे' हा उल्लेख वारंवार यायचा. दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी काळ्या कामगारांशी कसे वागावे याची ती नियमावली, १९७७ सालची. ती लिहिणारा माणूस कोण हे शोधायला गेलो आणि मंडेला बाजूलाच राहिले. लिऑन सलिव्हन हे फिलाडेल्फियातल्या एका चर्चचे पाद्री होते. त्यांनी १९६४ साली एक संस्था काढली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप ओआयसी. आपल्याकडे ओआयसी म्हटले की इस्लामी देशांची संघटना आठवते, तिचा याच्याशी काही संबंध नाही. ही ओआयसी म्हणजे बेकार माणसांना काम शिकवून कामाला लावणारी, मोहल्ल्यातून उभी राहिलेली संस्था.

सलिव्हन यांचा जन्म १९२२ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटन गावी, गरीब वस्तीत झाला. लहानपणी एका दुकानात सोडा प्यायला स्टुलावर बसले तर मालकाने उठवले, काळ्यांनी उभे राहूनच प्यायचे. बास्केटबॉल चांगले खेळायचे म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली, पुढे पोलाद कारखान्यातही राबले. १९५० साली ते उत्तर फिलाडेल्फियातल्या झायन बाप्टिस्ट चर्चचे पाद्री झाले. १९६० पर्यंत त्या शहरात दर चार माणसांत एकाहून थोडे जास्त काळे झाले होते. पण बँकेच्या काउंटरमागे, ऑफिसात, माल पोचवणाऱ्या कंपनीच्या गाडीवर काळा माणूस दिसायचा नाही. झाडलोट आणि हमाली मात्र त्यांच्याकडे होती.

सलिव्हन यांनी आधी शाळा काढली नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी त्यांनी नोकरीचे दार उघडले. १९६० साली शहरातल्या सुमारे चारशे काळ्या पाद्र्यांना त्यांनी एकत्र आणले. पहिली कंपनी निवडली ती केक बनवणारी, टेस्टी बेकिंग. तिचे केक काळ्यांच्या वस्तीत भरपूर खपायचे. पाद्र्यांचे छोटे शिष्टमंडळ कंपनीत गेले आणि विचारले, तुमच्याकडे आमची किती माणसे आहेत आणि कुठल्या कामावर? मग नेमकी मागणी ठेवली. गाडी घेऊन फिरणारे इतके विक्रेते, ऑफिसात इतक्या मुली, केकवर आयसिंग करायच्या खात्यात इतक्या बायका. त्या खात्यात तोवर फक्त गोऱ्या बायका होत्या. कंपनीने ऐकले नाही, तेव्हा पुढच्या रविवारी शेकडो चर्चमधून सांगितले गेले की हा केक घेऊ नका. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. दोन-अडीच महिन्यांत कंपनीने मागणी मान्य केली. मग पेप्सी, मग पेट्रोल कंपन्या, मग किराणा दुकानांची मोठी साखळी. याला ते बहिष्कार म्हणत नसत, 'निवडक खरेदी' म्हणत. मार्टिन ल्यूथर किंग यांनी सलिव्हन यांना बोलावून ही पद्धत समजून घेतली आणि १९६२ साली अटलांटात तशीच मोहीम सुरू केली.

आता इथे मला थांबावे लागते. कारण हा भाग वाचून आपले काही तरुण लगेच म्हणतील, चला, आपणही हेच करू. ते आपल्याला जमणार नाही आणि करूही नये. आपल्या देशात आज 'यांच्याकडून भाजी घेऊ नका, यांना दुकान भाड्याने देऊ नका' हे फर्मान आपल्याविरुद्ध निघते आहे. ज्याच्या हातगाडीवर संध्याकाळचा चुलीचा खर्च अवलंबून आहे, त्याने बहिष्काराची भाषा सुरू करणे म्हणजे स्वतःच्याच गाडीचे चाक काढणे. सलिव्हन यांच्या मोहिमेतली घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. ते मालकाकडे स्वतः चालत गेले. काय काम आहे, किती माणसे लागतात, हे तोंडावर विचारले. आम्ही साठ मुले शिकवली, पण कुठल्या मालकाच्या दारात एकदाही गेलो नाही. आम्ही पाहुणे म्हणून नगरसेवक बोलावले. एमआयडीसीतला एखादा वर्कशॉपवाला, एखादा हॉस्पिटलचा मॅनेजर बोलवावा असे आमच्या डोक्यातही आले नाही.

तर पुढे काय झाले? दारे उघडली आणि सलिव्हन यांच्या लक्षात आले की आत पाठवायला हवी तशी माणसेच कमी आहेत. पिढ्यानपिढ्या ज्यांना मशीनजवळ येऊ दिले नाही, त्यांना एका दिवसात मशीन कसे येणार? नुसता प्रवेश मिळवून दिला आणि तयारी करून दिली नाही, तर पदरी फक्त निराशा पडेल, हे त्यांचे म्हणणे पुढे तिकडे म्हणीसारखे झाले. म्हणून ओआयसी.

जागा शोधली ती वस्तीतच. पोलिसांची एक जुनी, पडीक इमारत होती, आत कोठड्या असलेली. शहराने ती वर्षाला एक डॉलर भाड्याने दिली. सलिव्हन यांनी स्वतःचे घर गहाण टाकले, चर्चने पैसे दिले, लोकांनी दिले. जानेवारी १९६४ मध्ये शाळा सुरू झाली. ज्या इमारतीत वस्तीतली पोरे कोंडली जायची, तिथेच ती इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्टिंग, पत्र्याचे काम, मशीनवरची शिलाई, हॉटेलातले काम शिकायला येऊ लागली. यंत्रे बऱ्याचदा कंपन्यांनीच दिली, कारण कुठले यंत्र चालवता येणारा माणूस हवा आहे हे त्यांनाच ठाऊक होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर फिलाडेल्फियात मोठी दंगल झाली. सहा-सात महिन्यांच्या त्या शाळेसमोर रांग मात्र वाढतच गेली. प्रतीक्षा यादी हजारोंवर होती.

शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त काय भावले असेल तर त्यांचा 'फीडर' वर्ग. मशीनजवळ नेण्याआधी माणसाला काही आठवडे या वर्गात बसवायचे. वाचन, लेखन, हिशेब. अर्ज कसा भरायचा, मुलाखतीला जाताना कपडे कसे असावेत, वेळेवर कसे पोचायचे, साहेबाशी नजर वर करून कसे बोलायचे. जोडीला आपल्या समाजाचा इतिहास. येणारी माणसे तीस-पस्तीस वर्षांची, पोराबाळांची. त्यांना 'वाचायला शिकवतो' म्हटले तर लाज वाटेल, म्हणून त्या तासांना 'संवादकौशल्य' आणि 'गणनकौशल्य' अशी भारदस्त नावे दिली होती. हसू येते, पण ज्याने प्रौढांना शिकवले आहे त्याला यातली अक्कल कळेल. माझ्या वर्गातल्या मुलांच्या अम्मी पालक सभेला येतात आणि सही करायच्या वेळी 'चष्मा घरी राहिला' म्हणतात. तो चष्मा कधीच नसतो, हे मलाही ठाऊक आणि त्यांनाही.

आणखी एक. प्रवेश परीक्षा नव्हती. कुणाला बाहेर ठेवायचे यासाठी चाळणी लावायची नाही, आत कसे घ्यायचे ते बघायचे. कोर्सची मुदतही ठरलेली नव्हती. एखादा तीन महिन्यांत तयार झाला तर तीन महिन्यांत कामावर, दुसऱ्याला आठ लागले तर आठ. कामाला लागला की कोर्स पूर्ण. सुरुवातीच्या काळात शिकणाऱ्यांना भत्ताही नव्हता, तरी लोक दिवसभर काम करून रात्रीच्या वर्गाला यायचे. आणि दरवाजा फक्त काळ्यांसाठी नव्हता, गरीब गोरे आणि पोर्तोरिकन लोकांनाही प्रवेश होता. चर्चमधून निघालेल्या संस्थेत कुणाला बाप्तिस्मा विचारला जात नव्हता. आमच्या सेंटरचा बोर्ड लागेल तेव्हा शेजारच्या बौद्ध वस्तीतली, वडार वस्तीतली पोरेही आत यावीत असे माझे ठाम मत आहे. बैठकीत हे बोललो असतो तर काय झाले असते ते सांगता येत नाही.

आता पैशाचा विषय. १९६२ साली सलिव्हन यांनी चर्चमध्ये एक योजना मांडली होती. दर महिना दहा डॉलर, छत्तीस महिने. आपल्या भिशीसारखी म्हणा, फक्त नंबर कुणाचाच लागत नाही. त्यातला काही हिस्सा ट्रस्टला, म्हणजे शिक्षण आणि समाजकामाला, आणि उरलेला गुंतवणुकीला. पन्नास जण येतील असे वाटले होते, दोनशेहून जास्त आले. त्या पैशातून आधी घरे बांधली आणि १९६८ साली ब्रॉड स्ट्रीटवर 'प्रोग्रेस प्लाझा' हे बाजारसंकुल उभे राहिले. काळ्यांच्या मालकीच्या अशा संकुलांत ते देशात पहिले मानले जाते. त्यांनी विमानांचे सुटे भाग बनवणारी कंपनीही काढली होती, ती मात्र टिकली नाही. तेही सांगायला हवे, नाहीतर आपण परदेशातल्या प्रत्येक गोष्टीची कव्वाली गात बसतो.

आणि ओआयसीची पुढची कहाणीही सरळ नाही. संस्थेचे नाव झाले. फोर्ड फाउंडेशनने पैसे दिले, केंद्र सरकारने दिले, १९६७ साली अध्यक्ष जॉन्सन स्वतः केंद्र बघून गेले. शहरोशहरी शाखा निघाल्या, आफ्रिकेतही काम पोचले. सलिव्हन १९७१ साली जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर बसले, तिथले पहिले काळे संचालक. पण चर्चच्या पैशावर सुरू झालेली संस्था हळूहळू सरकारी अनुदानावर चालू लागली होती. ऐंशीच्या दशकात रेगन सरकारने प्रशिक्षणाचा निधी कापला तेव्हा कित्येक शाखांना टाळे लागले. शिवाय फिलाडेल्फियातले कारखानेच शहर सोडून चालले होते. मशीन शिकलेला माणूस तयार, आणि मशीन दुसऱ्या राज्यात. मूळ संस्था आजही काम करते आहे, पण तिचा तो जोर राहिला नाही. सलिव्हन २००१ साली वारले.

मग हे सगळे आपल्याला कशाला, असे कुणी विचारील. आपल्याकडे असे काही झालेच नाही असेही नाही. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली. भायखळ्यात साबू सिद्दीक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था १९३६ पासून आहे. तिथून शिकलेली माणसे आखातात कुठे कुठे पोचली हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण तिथे पोचायला दहावी-बारावीचे मार्क लागतात. आमच्या बसस्टँडवरच्या मुलासाठी फीडर वर्ग कुणी काढला?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाची आपण भाषणांत खूप आठवण काढतो, तो वाचलेले कमी. त्यात एक साधी गोष्ट आहे. काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के स्वतःच्या धंद्यात आहेत. म्हणजे गाडी, टपरी, गॅरेज, शिलाई मशीन. पगाराची, पीएफची नोकरी थोड्यांच्या नशिबी. यामागे कौशल्याची कमतरता आहे तशी दारेही बंद आहेत. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अटेवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. दलित आडनावाच्या अर्जाला सवर्ण आडनावापेक्षा कमी बोलावणी आली आणि मुसलमान नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. त्यामुळे 'मुले शिकत नाहीत' एवढ्यावर सगळे ढकलणाऱ्यांशी मी सहमत नाही. आणि 'आपल्याला कुणी घेतच नाही, शिकून काय करायचे' म्हणणाऱ्यांशीही नाही. सलिव्हन यांनी दोन्ही टोके एकाच वेळी धरली होती, म्हणून त्यांचे काम उभे राहिले. आम्ही एकच टोक धरले.

सरकारनेही हे ओळखले नव्हते असे नाही. २०१३ साली केंद्राने अल्पसंख्याकांसाठी 'सीखो और कमाओ' योजना आणली, तिच्यात शिकवलेल्यांपैकी किमान ७५ टक्के मुलांना काम लावून द्यायची अट होती. कागदावर अट उत्तम. पण अनुदान आले की संस्था उगवते आणि संपले की मावळते. त्या भरवशावर मोहल्ल्याने का राहावे?

जकातीबद्दलही विचारले जाते. माझा अधिकार नाही, पण आलिमांकडून जे ऐकले आहे ते असे की जकात हकदाराच्या हातात पडली पाहिजे, इमारतीला ती लावता येत नाही. ठीक आहे. गरीब मुलाच्या हातात फीचे पैसे पडले आणि त्याने ती भरली तर? आपल्या मुफ्तीसाहेबांना हा प्रश्न रीतसर लिहून विचारावा असे मी सेक्रेटरींना सुचवले आहे. इमारतीचा प्रश्न तर नाहीच. शादीखाना वर्षातले किती दिवस रिकामा असतो? लग्नाचे दिवस सोडले तर खाली पंखे आहेत, सतरंज्या आहेत, पाणी आहे. तुरुंगाच्या कोठड्यांत शाळा भरते तर शादीखान्यात का भरू नये? दुसरा मजला न बांधताही सेंटर सुरू होते. उरलेला पैसा शिकवणाऱ्याच्या पगाराला ठेवता येईल, कारण शाळा सुटल्यावर दमलेल्या दोन मास्तरांच्या भरवशावर असली कामे चालत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

एक शंका माझ्या बेगमने काढली. म्हणाली, "मुलांचे ठीक आहे. मुलींना कुठे पाठवणार? तुमच्या बैठकीत एक तरी बाई होती का?" नव्हती. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये निम्म्याहून जास्त मुली होत्या आणि मुलांपेक्षा जास्त मन लावून शिकत होत्या. त्यांतल्या एकीलाही काम लागले नाही, आणि ते लागावे असे आमच्यापैकी कुणाला मनापासून वाटले होते का, हेही मी विचारतो आहे. ओआयसीत शिकणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती.

पुढची बैठक जुम्म्यानंतर आहे. त्याआधी मी एक काम केले. रविवारी मोटरसायकल काढून एमआयडीसीत गेलो, सोबत तो ट्रेनिंग सेंटरवाला तरुण मेंबर. सात ठिकाणी विचारले. दोघांनी गेटवरूनच परत पाठवले. एकाने नाव विचारले आणि मग म्हणाला, सध्या गरज नाही. तिघांनी बसवून चहा पाजला आणि कसली माणसे मिळत नाहीत ते सांगितले. वेल्डर, सीएनसी चालवणारे, आणि फोनवर मराठीत नीट बोलू शकेल अशी मुलगी. सातव्या ठिकाणी मालक नव्हते, बुधवारी या म्हणाले.

मी ते सगळे शाळेच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतले आहे. बैठकीत तेच पान घेऊन जाणार आहे. बसस्टँडवरच्या मुलालाही बोलावले आहे. तो म्हणाला, "सर, गाडी कौन देखेगा?" म्हटले, तासभर मी उभा राहतो.